जनरलच्या नावाखाली

पॅरिसमध्ये एदगार किने मेट्रो स्टेशनातून वर आले तेव्हा भुरभुर पाऊस होता. मोंपार्नास दफनभूमीत शिरल्या शिरल्या सार्त्र आणि सिमोन द बोव्हार या लेखक-विचारवंतांचं थडगं भेटतं. तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. मला हवा होता एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कवी शार्ल बोदलेर. हातातला नकाशा भिजून लगदा झालेला, आणि त्याच्या थडग्यावरून मी दोनदा तशीच पुढे गेले.

दिसणार कसा? दगडावर आधी जाक ओपिक. जनरल, सिनेटर, कॉन्स्टँटिनोपल आणि माद्रिदचे माजी राजदूत... बिरुदावली संपता संपत नाही. त्याखाली 'त्यांचा सावत्र मुलगा', वय ४६, निधन ३१ ऑगस्ट १८६७. कवी होता याचा उल्लेखही नाही. त्याखाली आई. ज्या सावत्र बापाशी जन्मभर पटलं नाही, त्याच्याच घरच्या खड्ड्यात! पोराला वळण लागावं म्हणून याच ओपिकने त्याला १८४१ मध्ये कलकत्त्याच्या जहाजावर बसवलं होतं. पठ्ठ्या हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरूनच माघारी फिरला.

ओपिक एप्रिल १८५७ मध्ये गेला आणि जूनमध्ये बोदलेरचा कवितासंग्रह 'ले फ्लर द्यु माल' आला. दुरिताची फुलं म्हणू या. ऑगस्टमध्ये खटला. ३०० फ्रँक दंड, सहा कविता वगळायचा हुकूम. त्या कवितांवरचा ठपका पुसला गेला १९४९ मध्ये. आता दगडावर लिपस्टिकचे ओठ उमटलेले, पावसाने ओघळून पार जनरलच्या पदव्यांपर्यंत पसरलेले. मला हसू आलं.

दुपारी सेंट लुई बेटावर गेले. विशीतला बोदलेर तिथल्या लोझाँ वाड्यात भाड्याने राहायचा. वाड्याच्या पन्हळींवर सोनेरी मुलामा दिलेले मासे आहेत. पावसाचं पाणीसुद्धा तिथे थाटात उतरतं. वडिलांचा वारसा त्याने इतका भराभर उडवला की १८४४ मध्ये घरच्यांनी पैशावर कायदेशीर पालक नेमला.

पुढच्या पिढीतल्या 'डेकॅडंट', म्हणजे ऱ्हास आणि कृत्रिम शोभेवर भाळलेल्या, लेखक मंडळींनी त्याच्याकडून उचललं ते हे सोनं, असं मला वाटतं. युइस्मान्सच्या १८८४ च्या कादंबरीतला उमराव जिवंत कासवाच्या पाठीवर रत्नं जडवतो आणि कासव मरतं. (युइस्मान्सही मोंपार्नासमध्येच आहे. त्याला शोधायचं त्राण उरलं नव्हतं.) बोदलेर मात्र रस्त्यावरचा माणूस. 'मोदेर्निते', आधुनिकता, म्हणजे क्षणिक, निसटतं, योगायोगाचं. तो कलेचा अर्धा भाग, असं त्याने १८६३ मध्ये लिहिलं. आणि ते निसटणं त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. १८५३ पासून ओस्मान नावाचा अधिकारी जुनं पॅरिस पाडून रुंद बुलेव्हार, म्हणजे हमरस्ते, काढत होता.

म्हणून शेवटी लूव्र संग्रहालयाजवळच्या कारूझेल चौकात गेले. इथे एकेकाळी दाटीवाटीची वस्ती होती, प्राण्यांचा खेळ होता. ती पाडल्यावरची त्याची हंसाची कविता मला या सगळ्यात जास्त आवडते. पिंजऱ्यातून सुटलेला हंस कोरड्या फरसबंदीवर पडदेवाले पाय घासत चालतो, पांढरी पिसं खडबडीत जमिनीवरून ओढतो, पाणी नसलेल्या गटाराशी चोच उघडतो आणि धुळीत पंख बुडवतो. शहराचं रूप माणसाच्या मनापेक्षा लवकर बदलतं, हे बोदलेर तिथे कंसात म्हणतो, जाता जाता.

चौकात आता बसगाड्या, छत्र्या, काचेच्या पिरॅमिडकडे पळणारे पर्यटक. मी फूटपाथच्या कडेला वाकून पाहिलं. गटार तुडुंब वाहत होतं.