जिंकलेला माणूस क्लासला गेला

"1995 ला मी हो म्हटलं, नवऱ्याने नाही." शेजारच्या फ्रेंच आजी आज मेट्रोत सहज बोलून गेल्या आणि दिवसभर तेच डोक्यात आहे.

क्युबेक या फ्रेंच बोलणाऱ्यांच्या प्रांताने कॅनडापासून वेगळं व्हायचं का, यावरचं ते मतदान, नाही 50.58 टक्के, हो 49.42, इतक्या थोडक्यात निकाल लागला. आजोबा इंग्लिश बोलणारे, म्हणजे जिंकले तेच, तरी पुढच्याच महिन्यात त्यांनी संध्याकाळच्या फ्रेंच क्लासला नाव घातलं. आजी म्हणाल्या, "तेव्हा माझा राग उतरला."

बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची करणाऱ्या क्युबेकच्या 1977 च्या कायद्यामुळे आमची लेक इथे मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच शाळेत जाते, ते चांगलंच आहे, पण सक्ती नसताना आपणहून शिकणं मला फार मोठं वाटतं. देशात इंग्लिशवाले बहुसंख्य, मग पहिलं पाऊल त्यांनीच नको का टाकायला?