लटपटणारे इंग्रजी शब्द

स्पर्धा परीक्षावाल्यांच्या समानार्थी शब्दांच्या याद्यांमध्ये फीबल, फ्रेल, इन्फर्म, डिक्रेपिट सगळे एकाच ओळीत कोंबलेले असतात आणि पुढे अर्थ एकच, अशक्त, पण असं पाठ केलं की वाक्यात वापरताना हमखास घोळ होतो. फ्रेल म्हणजे नाजूक, जरा धक्का लागला तर मोडेल असा, कारण फ्रेल आणि फ्रॅजाइल दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत. फीबलचं मूळ तर भारीच आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रडण्याजोगा, आणि आता लंगडी सबब सांगितली की ती फीबल एक्स्क्यूज. इन्फर्म बहुतेक म्हाताऱ्या-आजारी माणसांसाठी, इन्फर्मरी म्हणजे रुग्णालय हा शब्द त्यातूनच. डिक्रेपिट म्हणजे जीर्ण, तो मात्र पडक्या वाड्यालाही चालतो.

चालण्याचे शब्द मला जास्त आवडतात. दारू प्यालेला किंवा मार खाल्लेला झोकांड्या खातो तो स्टॅगर, पाय दुखतोय म्हणून लंगडत चालणं हॉबल, वयामुळे थरथरत चालणं डॉडर, आता पडतो की मग पडतो असं टॉटर (सरकारसुद्धा टॉटर होतं बरं का), आणि लहान पोर दुडुदुडु चालतं ते टॉडल, म्हणून टॉडलर. पाय ओढत चालणं म्हणजे शॅम्बल, आणि शॅम्बल्स म्हणजे मुळात खाटकांची मांस विकायची टेबलं, इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये त्या नावाची जुनी गल्ली अजून आहे. त्या टेबलांच्या फेंगड्या पायांवरूनच बहुधा ही चाल आली असं म्हणतात.

यादी पाठ करण्यापेक्षा कोण चालतंय आणि का लटपटतंय हे बघा, शब्द लक्षात राहतो.