पंचवीस अक्षरं

दिवाळीच्या आधी मामेभावाने व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ टाकली आणि खाली एवढंच, "बघ रे, म्हणजे माझं पण बाबांसारखंच का?" मामा बावन्नाव्या वर्षी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या कोसळला होता, सगळ्यांनी अटॅक म्हटलं, पोस्टमार्टेम कुणी केलं नाही, विषय संपला. मी कधीकाळी एमएस्सी बायोटेक केलं, आता फार्मा कंपनीत डॉक्युमेंटेशन करतो, पण आमच्या घरात सायंटिस्ट मीच, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

याने ऑनलाइन किट मागवून थुंकी पाठवली होती आणि रिपोर्टमध्ये लाल रंगात होतं: एमवायबीपीसी३ जीन, 25 बेसपेअर डिलीशन, म्हणजे त्या जीनमधली डीएनएची 25 अक्षरं गायब. बाकी नीट समजावलेलं काहीच नाही. मग त्याने गूगल केलं आणि रात्रभर झोपला नाही.

या डिलीशनची गोष्ट आपल्याच देशातली आहे. 2009 मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये पेपर आला, पेरुंदुरई दंडपाणी आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज वगैरे मंडळींचा. हृदयाच्या स्नायूत मायोसिन नावाचे दोर असतात, ते ओढतात म्हणून हृदय आकुंचन पावतं, आणि या जीनचं प्रोटीन त्या मायोसिनला बैलाच्या वेसणीसारखं आवरून धरतं. 25 अक्षरं गायब झाली की प्रोटीनचं शेपूट चुकीचं बनतं आणि ते जागेवर नीट बसत नाही. पेशंट आणि धडधाकट लोकांची तुलना केली तर हार्ट फेल्युअरचा धोका जवळजवळ सातपट निघाला. आणि हे असतं किती जणांत, तर भारतीय उपखंडात शंभरात साधारण चार. म्हणजे मंगल कार्यालयात पाचशे पानं उठली तर त्यातले वीस जण!

इतकं वाईट असेल तर निसर्गाने हे कधीच चाळून का नाही टाकलं? तर त्रास बहुतेक उतारवयात होतो, तोवर पोरंबाळं झालेली असतात, म्हणून ते पुढच्या पिढीत सरकत राहतं, अंदाजे 33 हजार वर्षं.

भाऊ इथपर्यंतच वाचून घाबरला होता. पण मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो, कारण सायंटिस्ट तिथे थांबले नाहीत. याच पेपरवर काम केलेले शक्तिवेल सदयप्पन यांच्या अमेरिकेतल्या टीमने 2018 मध्ये दाखवलं की हे डिलीशन असलेल्या काही जणांत त्याच जीनमध्ये डी389व्ही हा अजून एक बदल असतो आणि त्यांचं हृदय जास्त जोरात आवळतं. मग 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या ह्यू वॉटकिन्स यांच्या ग्रुपला अजून एक तिसराच बदल सापडला, जो काही लोकांत या डिलीशनच्या जोडीने येतो, आणि हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीचा, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचा, खरा गुन्हेगार तो निघाला. नुसती 25 अक्षरं गेलेल्यांना या आजाराचा धोका फारसा वाढलेला दिसला नाही. म्हणजे अकरा वर्षं ज्याच्याकडे बोट होतं तो बराचसा सोबत पकडला गेलेला माणूस. आईवडील दोघांकडूनही डिलीशन आलं तर मात्र प्रकरण वेगळं, ते तसंही अवघड असतं.

मी भावाला म्हटलं, थुंकी राहू दे, आधी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी कर. आणि तुझ्या ताईचाही कर. तो म्हणाला तिला कशाला, ती रोज पाच किलोमीटर चालते. मी म्हटलं, मामापण एसटीमागे पळायचा. हा आजार असलेल्याच्या प्रत्येक मुलाला-मुलीला त्यामागचा जीनमधला बदल मिळायची शक्यता निम्मी असते, चालण्याशी त्याचा काय संबंध. बरीच चिडचिड झाली आमची, मामी मधे पडली म्हणून दोघांनी केला.

भावाच्या हृदयाच्या कप्प्यांमधला पडदा 10 मिलिमीटर जाड, एकदम नॉर्मल. ताईचा 17. पंधरा किंवा त्याच्या वर गेला आणि बीपी वगैरे दुसरं कारण नसेल तर कार्डिओमायोपथी धरतात, आणि तिला बीपी अजिबात नाही. एको करणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा मोजला, तिला कुशीवर वळवून परत मोजला, मग विचारलं घरात कुणी अचानक गेलंय का.

आता ताईचं पूर्ण जीन पॅनेल, म्हणजे या आजाराशी संबंधित सगळ्या जीन्सची तपासणी, पाठवलंय, मामीचंही रक्त घेतलंय. ताई बीटा ब्लॉकरवर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्यांवर आहे आणि जिने चढताना मोजून चढते. भाऊ रोज सकाळी तिच्यासोबत चालायला जातो, हळू, दोन किलोमीटर.