मोडके बेंच, डेडस्टॉक आणि माझा तिसरीचा वर्ग

पोरांना एकत्र आणणं सोपं होतं, खरंच सांगते. माझं डोकं खाल्लं ते वर्गातल्या मोडक्या बेंचनी.

विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी. यंदा तिसरी मिळाली, काही पोरं घरी वऱ्हाडी बोलणारी, काही हिंदी, काही छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या मजुरांची. खिचडी खाताना पण तीन कोपऱ्यात तीन टोळ्या. म्हटलं परिपाठ झाला की रोज थोडा वेळ सगळे जमिनीवर गोल करून बसू, शेजारच्याचं नाव घेऊन नमस्कार, काल काय झालं ते सांगायचं, बस. पण बसवू कुठं? मागचा अर्धा वर्ग तुटक्या बेंचनी भरलेला.

शिपाईदादांना म्हटलं हलवून द्या. ते म्हणे, "मॅडम, डेडस्टॉकवर हायेत, बाबूंना विचारा." डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाचं रजिस्टर. बाबू म्हणे निर्लेखन झाल्याशिवाय एक बेंच हलणार नाही. निर्लेखन म्हणजे निकामी सामान रजिस्टरमधून कमी करणं, त्यासाठी आधी यादी, त्यात कोणता बेंच कोणत्या वर्षी घेतला, किंमत किती, मग समिती पाहणार, मग मंजुरी, मग भंगारात विक्री. आता खरेदीचं वर्ष कुठून आणू, बेंचवरचे नंबर केव्हाच पुसले गेलेत आणि रजिस्टरमधे नुसतं "बेंच, लाकडी" लिहिलेलं! अर्ज दिला, तो सापडेना. परत दिला तर म्हणे यादी वेगळ्या नमुन्यात पाहिजे. नमुना मागितला तर नमुना बाबूंकडेच नाही. दर वेळी एकच उत्तर, "करून राह्यलो ना मॅडम, घाई काहून करता?" तोवर पोरांना व्हरांड्यात बसवत होते, पावसाची झड लागली की तेही बंद.

शेवटी ओळखीच्या एका रिटायर्ड मुख्याध्यापिकांकडे रडगाणं गायले. त्या म्हणाल्या, "अगं तुला भंगार विकायचंय की जागा पाहिजे?" मग "निर्लेखन" शब्दच गाळला आणि "मोडके बेंच भांडारखोलीत ठेवण्याबाबत" असा दोन ओळींचा अर्ज केला, मोठ्या बाईंनी सही केली, रजिस्टरमधे जागाबदलाची नोंद झाली आणि दुपारपर्यंत वर्ग मोकळा. इतकंच होतं तर आधी कोणी बोललं का नाही, याचा राग अजून जात नाही. तुम्ही काहीही अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पुढचं भराभर झालं. ताटं वाटणं, पाणी, फळा पुसणं ही कामं जोडीनं, जोडी वेगवेगळ्या टोळीतली, दर सोमवारी बदलायची. नियम पोरांनीच केले, त्यात "कोणाच्या बोलण्याला हसायचं नाही" हा त्यांचाच. हो, आणि सुरुवातीला गोलात बोलायची सक्ती करू नका, "पुढे" म्हणायची मुभा ठेवा. आमची एक पोरगी रोज "पुढे" म्हणायची. तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीआधी पोरांनी लाकडी बैल आणले तेव्हा तीच उठली, आमच्या गावाकडं पोळ्याला, म्हणजे पोरा सणाला, मातीचे बैल असतात म्हणे, चाकांचे, आणि कसे करायचे ते सगळ्यांना हातानं दाखवत बसली. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग माती घेऊन हजर, फरशी धुता धुता शिपाईदादा माझ्यावर चिडले ते वेगळं.

गैरहजर पोराचं नावही गोलात घ्यायचं, हे राहिलंच सांगायचं. मजुरांची पोरं मधेच गावी जातात, परत आली की त्यांची जागा धरलेली असते. निर्लेखनाची फाईल? ती अजून बाबूंच्या टेबलावरच आहे.