काय चालत नाही, तेही लिहा

वेबसाइट नव्याने करायची म्हणजे काय काय असतं, ते आपल्या क्षेत्रातल्या कुणालाही सांगायला नको. आधी पहिलं पान, त्यावर साहेबांच्या दहा सूचना, मग रंग, मग लाँच. भारतातल्या एजन्सीत मी वर्षानुवर्षं हेच केलं आणि चांगलं केलं, असं आजही म्हणेन. इंग्लंडमध्ये एका कॉलेजात वेब डिझाइन शिकवायला लागले आणि त्याच कॉलेजची साइट नवी करायचं काम माझ्याकडे आलं. लाइव्ह जायच्या आधीच्या आठवड्यात मीटिंग लागली. विषय एकच: आपल्या नव्या साइटवर काय काय नीट चालत नाही, याची यादी करा.

मला वाटलं, आमच्या आमच्यात ठेवायची असेल. तसं नव्हतं. ती साइटवरच टाकायची होती, पानाच्या तळाशी लिंक देऊन, कुणालाही वाचता येईल अशी.

याला ॲक्सेसिबिलिटी स्टेटमेंट म्हणतात. ब्रिटनमध्ये २०१८ साली सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या वेबसाइट्ससाठी नियम आले आणि जुन्या साइट्सना २३ सप्टेंबर २०२० पर्यंत मुदत मिळाली. अंध, कमी दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, माउस धरता न येणाऱ्या माणसाला साइट वापरता आली पाहिजे, हा त्याचा गाभा. हे मला ठाऊक होतं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, मी भारतातही वाचले होते. ठाऊक नव्हतं ते हे, की जिथे आपण कमी पडतो ते संस्थेने स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं. कोणता भाग चालत नाही, का चालत नाही, कधीपर्यंत दुरुस्त करणार, तोवर ती माहिती दुसऱ्या रूपात कुणाकडे मागायची आणि आम्ही दाद दिली नाही तर तक्रार कुठे करायची, हे सगळं त्यात येतं. आपल्याविरुद्ध तक्रार कुठे करायची, हेही आपणच लिहायचं! मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं.

आमच्या यादीत काय होतं, ते सांगते. शुल्काचं पत्रक स्कॅन केलेली पीडीएफ होती. म्हणजे डोळ्यांना अक्षरं, पण स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, नुसतं चित्र. आवाराचा नकाशा कीबोर्डने हलत नव्हता. प्रवेशअर्ज बाहेरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून यायचा आणि त्यात चुकीची तारीख टाकली की खोका फक्त लाल व्हायचा, शब्दात काहीच सांगायचा नाही. जुन्या व्हिडिओंना कॅप्शन नव्हतं, पण २३ सप्टेंबर २०२० आधीच्या व्हिडिओंना नियमातच सूट आहे, तेही लिहिलं. प्रत्येक मुद्द्यापुढे महिना आणि वर्ष. मार्केटिंगच्या लोकांना अर्थातच हे नको होतं. नवी कोरी साइट, आणि तिच्यावरच तिचे दोष? पण आमची प्रमुख शांतपणे म्हणाली, "ज्याला तो नकाशा वापरता येत नाही त्याला हे आधीच माहीत आहे. आपल्यालाही माहीत आहे, एवढंच त्याला कळू दे."

असे दोष कसे सापडतात, तेही ऐका. नवी करायला घेण्याआधी जुनी साइट तपासायला एक अंध बाई आल्या होत्या. त्या एनव्हीडीए वापरतात. हा स्क्रीन रीडर मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला आणि तो फुकट मिळतो. बाईंनी पान उघडलं आणि एच दाबलं. एच म्हणजे पुढच्या हेडिंगवर उडी. यंत्र म्हणालं, पुढे हेडिंग नाही. पुन्हा एच, तेच उत्तर. पडद्यावर तर ठसठशीत शीर्षकं दिसत होती, पण ती नुसती मोठी आणि जाड केलेली अक्षरं होती. कोडमध्ये हेडिंग म्हणून खूण एकालाही नव्हती. मग त्या टॅब दाबत गेल्या आणि यंत्र म्हणत राहिलं: लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. त्या चिडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "कुठे, ते सांगितलंत तर करीन." मी वर्गात हे अनेकदा सांगितलं आहे आणि दर वेळी वर्ग गप्प होतो.

आता माझ्या वर्गात पहिला तास माउस बाजूला ठेवून होतो. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, एवढ्यावर एक फॉर्म भरून दाखवा. निम्मी मुलं अडकतात, कारण टॅब दाबत आपण कुठे पोचलो ते दाखवणारी फोकसची चौकट 'कुरूप दिसते' म्हणून त्यांनीच काढून टाकलेली असते. दुसरा वाद करड्या रंगाचा. पांढऱ्यावर साध्या मजकुराचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे रंगांमधल्या उजळपणाचं गुणोत्तर, किमान ४.५ लागतं. ७७७७७७ या कोडचा करडा ४.४८ भरतो, नापास. ७६७६७६ हा ४.५४ भरतो, पास. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक कुणालाच दिसत नाही. मुलं म्हणतात, एवढ्याने काय होतं? मी म्हणते, रेषा कुठेतरी मारावीच लागते, आणि ती मारली की तिच्या अलीकडे थांबायचं नाही.

हे वाचून तिकडचे मित्र म्हणतील, झालं, आता हिला तिकडचं सगळं गोड लागायला लागलं. तसं नाही. दिव्यांग हक्क कायदा आपल्याकडे २०१६ चा, म्हणजे इथल्या या नियमांच्या आधीचा, आणि आपला कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही धरतो. इथले २०१८ चे नियम खासगी कंपन्यांना लागूच नाहीत. त्यांच्यासाठी २०१० चा समानता कायदा, तोही कुणी भांडायला उभं राहिलं तर. आपल्या सरकारी साइट्ससाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. आणि ३० एप्रिल २०२५ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्या व्यक्तींना पापणी मिटता येत नाही, त्यांना केवायसीत 'डोळे मिचकावा' सांगितलं जात होतं, त्यातून उभं राहिलेलं हे प्रकरण. हे मी इथल्या वर्गात अभिमानाने शिकवते.

शिवाय आमच्यासमोर जे प्रश्न असतात ते इथल्यांना स्वप्नातही पडत नाहीत. इथला डिझायनर अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतो आणि खूश होतो. देवनागरीत तेच केलं तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर कमी केलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये सांगितलं नाही तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचायला घेतो किंवा गाळून पुढे जातो. दोन लिप्यांत, स्वस्त फोनवर, रखडणाऱ्या नेटवर साइट चालवून दाखवणारी आमची पिढी कुणापेक्षा कमी नाही. इथे बऱ्याच ठिकाणी ते स्टेटमेंटही नमुन्यावरून उतरवलेलं असतं आणि दुरुस्तीची तारीख कधीच उलटून गेलेली असते, हेही मी पाहिलं आहे.

तरी उलटलेली तारीख दिसते तरी. इथल्या सरकारचं डिजिटल खातं मधूनच एखादी साइट तपासायला घेतं, अहवाल पाठवतं आणि दुरुस्तीला १२ आठवडे देतं. आपल्याकडे काय चुकलं, हे खात्याला माहीत असतं, एजन्सीला माहीत असतं, वापरणाऱ्याला तर असतंच असतं; फक्त ते लिहिलेलं कुठे नसतं. ग्राहकासमोर असं पान ठेवलं तर पुढचं काम मिळणार नाही, ही भीती मला समजते. तिकडे असते तर मीही दहा वेळा विचार केला असता. इथे कायदा माझ्या पाठीशी उभा आहे, म्हणून मला धीट होता येतं.

आमच्या स्टेटमेंटमध्ये संपर्काचा जो पत्ता दिला, त्यावर पहिली मेल आली ती शुल्काच्या पत्रकाबद्दल. एका आईला मुलाचं शुल्क वाचून घ्यायचं होतं आणि यंत्र वाचत नव्हतं. पत्रक साध्या पानावर टाइप करून टाकलं आणि यादीतली ती ओळ काढली. नकाशाचं काम अजून बाकी आहे, त्याची ओळ तशीच आहे.

या स्टेटमेंटचा मसुदा मी मराठीत करून ठेवला आहे, शाळा-कॉलेजांना आणि लहान संस्थांना वापरता येईल असा. पहिलं वाक्यच असं आहे: 'या संकेतस्थळाचे पुढील भाग सर्वांना वापरता येत नाहीत, याची आम्हाला कल्पना आहे.' कुणी साइट नवी करायला घेत असाल आणि असं पान ठेवायची तयारी असेल, तर मागा, पाठवते.