पाहुणा, बंदोबस्त आणि मधली मी

जानेवारी २०१४ मध्ये मी औरंगाबादला नायब तहसीलदार होते. एका शुक्रवारी आदेश हातात पडला. दिल्लीतल्या एका युरोपीय दूतावासाचे काउन्सेलर, म्हणजे तिथले वरिष्ठ राजनैतिक अधिकारी, रविवारी संध्याकाळी येणार, मंगळवारी रात्रीच्या विमानाने परतणार, आणि त्यांची संपर्क अधिकारी मी. मंत्र्यांचे, सचिवांचे दौरे मी सांभाळले होते. परदेशी राजनैतिक अधिकारी मात्र पहिल्यांदाच.

ते दिवस तापलेले होते. १२ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये आपल्या उप महावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, त्यांची अंगझडती घेतली गेली. दिल्लीने उत्तर म्हणून अमेरिकी दूतावासाबाहेरचे काँक्रीटचे अडथळे काढून टाकले. आमचा पाहुणा अमेरिकी नव्हता, पण ‘डिप्लोमॅट’ हा शब्दच तेव्हा बोचत होता. बंदोबस्तासाठी नेमलेले पोलीस निरीक्षक पहिल्याच बैठकीत म्हणाले, “मॅडम, आपल्या बाईला तिकडं तशी वागणूक दिली, आणि इथं आपण यांच्या पिशवीलापण हात लावायचा नाही?” माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं.

दूतावासाने पाठवलेल्या कार्यक्रमात सोमवारी अजिंठा होतं आणि मंगळवारी वेरूळ. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. मी दिवसांची अदलाबदल केली आणि दोन्हीकडे कळवलं. निरीक्षकांचा लगेच फोन आला. कार्यक्रम ऐनवेळी कुणी बदलला? सोमवारी वेरूळच्या रस्त्याला यांना कुणाला भेटायचंय? आणि रविवारी चिकलठाणा विमानतळावर उतरल्या उतरल्या पाहुण्यांचा प्रश्न काय, तर पोलिसांनी दिवस का बदलले? लेण्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा कागद मी दोघांनाही दाखवला. दोघांनी तो वाचला, पण शंका कुणाचीच गेली नाही.

पुढचा पेच गाडीच्या दारात. सुरक्षा अधिकारी ड्रायव्हरशेजारी बसतो, ही आमच्याकडची रीत. पाहुणे म्हणाले, ती जागा तुमची, ते मागच्या गाडीत बसतील. मग हळू आवाजात मला विचारलं, “त्यांना इंग्रजी कळतं का?” निरीक्षक तीन फुटांवर उभे होते. त्यांना उत्तम इंग्रजी येत होतं. त्या क्षणापासून ते माझ्याशी फक्त मराठीत बोलू लागले आणि पाहुणे निरीक्षक तिथे नसल्यासारखे माझ्याशी इंग्रजीत. रात्री सुभेदारी विश्रामगृहात दोघांनी मला वेगवेगळं गाठून एकच गोष्ट विचारली: तो तुमच्याशी काय बोलला?

मला फार वाईट वाटलं. मी दोघांची होते, आणि दोघेही मला दुसऱ्याची समजत होते. त्याच रात्री ठरवलं, इथून पुढे जे बोलायचं ते दोघांसमोर, दोन्ही भाषांत. एकट्याच्या कानात काही नाही.

सोमवारी वेरूळ सुरळीत झालं. दुपारी एका महाविद्यालयात पाहुण्यांचं व्याख्यान होतं आणि दारात बॉम्बशोधक पथक प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होतं. निरीक्षक पाहुण्यांना म्हणाले, “सर, बॅग प्लीज.” पाहुणे जागीच थांबले. “नो.” निरीक्षकांचा हात पुढेच राहिला. मागे प्राचार्य हार घेऊन उभे, त्यांच्यामागे शे-दीडशे मुलं. मी मुंबईला राजशिष्टाचार विभागात फोन लावला. तिथून एका वाक्यात उत्तर आलं: बॅग उघडायची नाही.

पण ते उत्तर तसंच सांगितलं असतं तर निरीक्षकांचा सर्वांसमक्ष पाणउतारा झाला असता, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. दीडशे मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. मी म्हटलं, बॅग उघडायची नाही, पण ती सभागृहात गेलीच पाहिजे असं कुठे आहे? “मग गाडीत ठेवा,” निरीक्षक म्हणाले. “गाडी पोलिसांच्या ताब्यात आहे,” पाहुणे म्हणाले. शेवटी प्राचार्यांच्या खोलीतलं एक कपाट रिकामं केलं. पाहुण्यांनी स्वतः बॅग ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. निरीक्षकांनी खोलीबाहेर शिपाई बसवला. बसण्याआधी त्या शिपायाने खोलीकडे पाठ करायची की तोंड, यावरही एकदा बोलणं झालं. व्याख्यान वीस मिनिटं उशिरा सुरू झालं.

रात्री मी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या संरक्षणाचा १९६१ चा व्हिएन्ना करार काढून बसले. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने त्याला बळ दिलं आहे. वाणिज्यदूतांसाठी १९६३ चा वेगळा करार आहे आणि त्यातलं संरक्षण तोकडं आहे. गंभीर गुन्ह्यात, न्यायालयाच्या आदेशाने, वाणिज्यदूताला अटक होऊ शकते. दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्याला होत नाही. न्यूयॉर्कचा सगळा वाद या फरकावरही चालला होता. निरीक्षकांच्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर मला तिथे मिळालं.

खरी गोष्ट मात्र २९ व्या कलमात होती. यजमान देशाने राजनैतिक अधिकाऱ्याच्या शरीरावर, स्वातंत्र्यावर आणि प्रतिष्ठेवर हल्ला होऊ नये म्हणून सर्व योग्य उपाय करायचे, असं त्यात आहे. शरीर, स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा, तिन्ही एकाच वाक्यात. निरीक्षक पहिला शब्द धरून बसले होते, पाहुणे उरलेले दोन. मी ते वाक्य कागदावर दोन्ही भाषांत लिहून घेतलं.

मंगळवारी सकाळी गाडीत बसण्याआधी ते दोघांना वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. निरीक्षकांनी कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी पुढच्या सीटवर ते बसले आणि पाहुण्यांनी हरकत घेतली नाही.

अजिंठ्याला, पहिल्या लेण्यापाशी, पुन्हा अडलं. आत एका शाळेची सहल होती. शिपाई मुलांना बाहेर काढू लागले. पाहुणे म्हणाले, “माझ्यासाठी मुलांना हाकलणार असाल तर मी आत जाणार नाही,” आणि पायरीवरच बसले. निरीक्षकांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता मुंबईला फोन जाणार. पण ते स्वतः आत गेले, लेणं फिरून आले, आणि त्या ‘बॅग प्लीज’नंतर पहिल्यांदा थेट पाहुण्यांशी इंग्रजीत बोलले: मुलं राहतील, मी तुमच्या मागे एक हातावर राहीन, तुम्ही पुढे पळायचं नाही. पाहुणे उठले. पद्मपाणीसमोर ते बराच वेळ उभे होते. अंधारात डोळे सरावले की ते चित्र हळूहळू वर येतं. एका मुलीने पाहुण्यांना हातातलं कमळ बोट करून दाखवलं. निरीक्षक मागेच होते, पण त्यांची नजर चित्राकडे नव्हती, मुलांच्या हातांकडे होती.

दुपारी पायथ्याशी जेवताना पाहुण्यांनी त्यांना सरळ विचारलं, तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे? निरीक्षक म्हणाले, “पर्सी नॉरिस.” २७ नोव्हेंबर १९८४, मुंबई. ब्रिटनचे उप-उच्चायुक्त गाडीतून कार्यालयात चालले होते, वाटेत गोळ्या घालून मारले. निरीक्षक ज्यांच्या हाताखाली शिकले ते वरिष्ठ तेव्हा मुंबई पोलिसांत होते. पाहुण्यांना हे नाव माहीत नव्हतं.

मग मी रवींद्र म्हात्र्यांचं सांगितलं. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, बर्मिंगहॅममध्ये आपल्या या राजनैतिक अधिकाऱ्याचं अपहरण करून खून झाला. पुण्यात शिकत असताना मी रोज म्हात्रे पुलावरून सायकल घालायचे आणि कितीतरी दिवस ते नाव कुणाचं, हे मला माहीत नव्हतं. मला ते आजही लागतं. पाहुण्यांनी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.

परतताना त्यांनी विनंती केली. सिल्लोडच्या अलीकडे रस्त्यालगत कापसाची वेचणी चालली होती, पाच मिनिटं थांबायचं होतं. हे कार्यक्रमात नव्हतं. आदल्या दिवशी ते न सांगताच दार उघडून उतरले असते. आज त्यांनी निरीक्षकांना विचारलं. निरीक्षकांनी एस्कॉर्टची गाडी पुढे घेतली, शेत बघितलं, बायकांशी दोन शब्द बोलले आणि हात केला. पाहुण्यांनी भाव विचारला, मजुरी विचारली. पाचाची बारा मिनिटं झाली.

विमानतळावर पाहुण्यांनी निरीक्षकांशी हात मिळवला. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, ते माझ्यावर अहवाल लिहिणार ना? मी निरीक्षकांना हाक मारली आणि त्यांच्यासमोर सांगितलं: हो, दौऱ्याचा अहवाल लिहितात, ते त्यांचं काम आहे. निरीक्षकांनी मान हलवली. पाहुणे काही न बोलता आत गेले.

आठवड्याने मला खुलासा मागणारं पत्र आलं. मंजूर कार्यक्रमात नसलेला थांबा कुणाच्या परवानगीने घेतला? मी लिहिलं: “सदर थांबा माझ्या जबाबदारीवर घेण्यात आला. सोबतच्या पोलीस अधिकाऱ्यांना आधी कळवून, त्यांनी जागेची पाहणी करून संमती दिल्यानंतर वाहन थांबवण्यात आले.” सही करण्याआधी निरीक्षकांना फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं.

ते जरा थांबून म्हणाले, “तो थांबा मीच अहवालात लिहिला, मॅडम. झाला तो झाला. संमतीचं लिहायचं राहिलं. तुम्ही लिहा, मला विचारलं तर मी हो म्हणतो.”