२७ मेगाहर्ट्झचा अँप्लिफायर १० मीटरवर लावण्याआधी

नुकतंच हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी संदेशवहनाचं) लायसन्स मिळालेला कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला एक पोरगा ऑनलाइन मागवलेला अँप्लिफायर घेऊन आला. "काका, सीबीचा हाय, पण १० मीटरवर बी चालतोय म्हणं. लावू का?"

कायद्याचं आधी. आपल्याकडं सीबी (सिटिझन बँड, सर्वसामान्यांसाठीचा रेडिओ पट्टा) म्हणजे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ. तिथं लायसन्स लागत नाही, पण मुभा ५ वॅटचीच. अँप्लिफायर जोडला की ती सवलत गेली. हॅमचा १० मीटर बँड वेगळा, २८ ते २९.७. लायसन्सधारकाला स्वतः सेट बांधायची मोकळीक आहे, त्यामुळं डबा सीबीचा आहे एवढ्यावरून मी त्याला बेकायदा म्हणणार नाही. मात्र वॅटची मर्यादा पाळणं आणि सिग्नल बँडबाहेर न सांडणं ही जबाबदारी पूर्णपणे चालवणाऱ्याची. अमेरिकेत १९७८ ला १० मीटरच्या तयार अँप्लिफायरवर बंदीच आली होती, कारण ते सगळे सीबीवाल्यांच्या हाती पडत होते. ती २००६ ला उठली.

डबा उघडला. दोन ट्रान्झिस्टर, दोन ट्रान्सफॉर्मर, रिले, आणि आउटपुट थेट सॉकेटला. लो-पास फिल्टरचा, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या जोडणीचा, पत्ताच नाही. पुढं 'एसएसबी' (आवाज पाठवायची एक पद्धत) लिहिलेलं बटण होतं. त्याची वायर धरून मागं गेलो तर एका कपॅसिटरपाशी पोचलो. बटण दाबलं की रिले जरा उशिरा सुटतो, बस्स. ट्रान्झिस्टरला बायस (त्याला कायम थोडं जागं ठेवणारा व्होल्टेज) नाहीच, म्हणजे सरळ क्लास सी, सिग्नलच्या शिखरांपुरताच चालणारा.

डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), अॅटेन्युएटर आणि छोटा स्पेक्ट्रम अॅनालायझर लावून २८.५ वर कॅरिअर (बिनआवाजाचा सलग सिग्नल) दिला. ५७ वर रेघ, ८५.५ वर त्याहून उंच, ११४ वरही आहेच. १०८ ते ११८ हा विमानांच्या दिशादर्शक यंत्रणेचा पट्टा. उजळाईवाडीला विमानं उतरतात, आणि आपण इथं गच्चीवरून ११४ वर कचरा फेकायचा? मला हे अजिबात चालणार नाही.

या पटीतल्या रेघांवर, म्हणजे हार्मोनिक्सवर, इलाज आहे. पिवळे टोरॉइड (तार गुंडाळायच्या कड्या), सिल्व्हर मायका कपॅसिटर, एका दुपारी फिल्टर होतो. एसएसबीचं दुखणं मात्र फिल्टरनं जात नाही. क्लास सीमध्ये आवाजाचे चढउतार वाकडेतिकडे होतात, त्यातून निघणारी घाण आपल्या फ्रिक्वेन्सीला खेटूनच बसते आणि फिल्टर तिला आपलीच समजून सोडतो. मिरवणुकीतल्या फाटक्या कर्ण्यासारखं, शेजारच्या क्यूएसओवर (दुसऱ्यांच्या संभाषणावर) नुसती खरखर. म्हणून बायस न बदलता एसएसबीला हा डबा नकोच. फिल्टर लावून सीडब्ल्यूला (मोर्स कोडला) वापरा, तिथं क्लास सी चालतो.

आणि ५ वॅटचे ५० केले तरी समोरच्याच्या मीटरवर दोन एस-युनिटसुद्धा (सिग्नलची ताकद मोजायचं माप) वाढत नाहीत. १० मीटरचा डायपोल (साधा तारेचा अँटेना) म्हणजे जेमतेम ५ मीटर तार. आधी ती उंच बांधा, कोएक्स (अँटेनाची केबल) चांगली घ्या. कोल्हापुरात कुणाकडं असला डबा असेल तर माझ्याकडं आणा, अॅनालायझरवर बघू आणि फिल्टरही बसवू.